‘रु’ आला की काय गायचं? कराओके-शिरितोरीसाठी गाण्यांची जमवाजमव

प्रश्न थोडक्यात असा आहे: नोकरीसाठी ओसाकाला येऊन सहा महिने झाले. ऑफिसातली मंडळी महिन्यातून एकदा कराओकेला जातात आणि तिथे शिरितोरी खेळतात. म्हणजे आधीच्या गाण्याचं नाव ज्या अक्षरानं संपेल, त्या अक्षरानं सुरू होणारं गाणं पुढच्यानं गायचं. आपली पाळी आली की काही सुचत नाही. तेव्हा एकाच अक्षरानं सुरू होणाऱ्या जपानी गाण्यांची यादी मिळेल का?

गाणी देते, भरपूर देते. पण ‘अ’पासून ‘वा’पर्यंत सरळ पाठ करत गेलात तर सहा महिन्यांनीही हीच अडचण राहील. मी सात वर्षं ओसाकात काढली आणि पुण्यात बावीस वर्षं जपानी शिकवते आहे. माझे विद्यार्थी नेहमी एकाच जागी अडकलेले पाहिले आहेत. ‘अ’, ‘का’, ‘सा’ यांची दहा-दहा गाणी येतात आणि ‘रु’ आला की माइक हातात धरून गप्प. म्हणून उलट बाजूनं सुरुवात करा. ज्या अक्षरांची गाणी कमी, ती आधी.

ही युक्ती माझी नाही, जपानी लोकांचीच आहे आणि जुनी आहे. तेराव्या शतकात फुजिवारा नो तेइकानं शंभर कवींची एकेक कविता निवडून ‘ह्याकुनिन इश्शु’ हा संग्रह केला. जपानीत कवितेलाही ‘उता’ म्हणतात आणि गाण्यालाही ‘उता’च, हे लक्षात घ्या. या शंभर उतांवर पत्त्यांचा खेळ खेळतात, कारुता. वाचणारा कविता म्हणायला लागतो आणि समोर मांडलेल्या पत्त्यांतून त्या कवितेच्या उत्तरार्धाचा पत्ता जो आधी टिपेल तो जिंकतो. कसलेला खेळाडू पूर्ण ओळ ऐकायला थांबत नाही. कविता ओळखायला जेवढी अक्षरं लागतात तेवढीच ऐकतो. त्या अक्षरांना ‘किमारिजी’ म्हणतात, निर्णायक अक्षरं.

आता आकडे बघा. शंभरपैकी सोळा कविता ‘अ’नं सुरू होतात, आठ ‘ना’नं. पण मु, सु, मे, फु, सा, हो, से या सात अक्षरांची प्रत्येकी एकच कविता आहे. त्यामुळे नवशिक्याला पहिल्या दिवशी ‘मुसुमेफुसाहोसे’ एवढंच पाठ करायला लावतात. पहिलं अक्षर कानावर पडलं की हात सुटला पाहिजे. उलट टोकाला ‘आसाबोराके’नं सुरू होणाऱ्या दोन कविता आहेत. त्यांत सहावं अक्षर ‘आ’ की ‘उ’ हे ऐकेपर्यंत हात हवेत धरून बसावं लागतं. एकाच अक्षराखाली जितकी गर्दी, तितका निर्णय लांबतो. एकटं अक्षर सगळ्यात लवकर कामी येतं.

आणि या शंभर कवितांत ‘रा, रि, रु, रे, रो’ यांपैकी एकाही अक्षरानं सुरू होणारी कविता नाही. एकही नाही. हा योगायोग नव्हे. मूळ जपानी शब्द ‘र’नं सुरू होतच नसत. ‘र’नं सुरू होणारे आजचे बहुतेक शब्द चिनीतून किंवा युरोपी भाषांतून आले. आपल्याकडे ‘ळ’ आणि ‘ण’नं शब्द सुरू होत नाहीत, म्हणून गाण्याच्या भेंड्यांमध्ये ‘ळ’ आला की ‘ल’ घेतो आणि ‘ण’ आला की ‘न’. जपान्यांनी ‘र’साठी अशी सवलत ठेवलेली नाही. साध्या शब्दांच्या शिरितोरीतही समोरच्याला सतत ‘रु’वर नेऊन सोडणं हा ओळखीचा डाव आहे. त्याला ‘रु-झेमे’ म्हणतात, ‘रु’चा हल्ला.

कराओकेत हा हल्ला कुणी ठरवून करत नाही, तो आपोआप होतो. कारण लोकांची अतिशय आवडती गाणी ‘रु’वर संपतात. वयानं मोठे साहेब असले की हमखास येणारं तानिमुरा शिंजीचं ‘सुबारु’ (१९८०), सेन मासाओचं ‘कितागुनि नो हारु’ (१९७७) आणि तरुण मुलांचं, योआसोबीचं ‘योरु नि काकेरु’ (२०१९). तिन्ही पिढ्यांनी मिळून तुम्हाला ‘रु’त आणून सोडलं म्हणून समजा.

यावर माझं पहिलं उत्तर तेराओ आकिराचं ‘रुबी नो युबिवा’, म्हणजे माणकाची अंगठी. १९८१ सालचं, त्या वर्षीचा जपान रेकॉर्ड पुरस्कार मिळालेलं गाणं. शिकायला मी हेच सांगते, कारण ते खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखं गायलेलं आहे. आवाज मोठा नसला तरी निभतं, आणि मोठ्या साहेबांपासून धाकट्यांपर्यंत सगळे ओळखतात. शिवाय संपतं ‘वा’वर. पुढच्याला अडचण नाही आणि तुमच्याबद्दल चांगलं मत होतं, ऑफिसच्या मैफलीत हेही महत्त्वाचं.

‘रु’चं दुसरं प्रसिद्ध गाणं मात्र सापळा आहे. आराइ युमीचं ‘रूजु नो देन्गोन’ (१९७५). अ‍ॅनिमेशनपट करणाऱ्या मियाझाकीच्या छोट्या चेटकिणीच्या चित्रपटामुळे ते जगभर पोचलं, आपल्याकडची मुलंही ते गुणगुणतात. गाणं फार गोड आहे, पण संपतं ‘न्’वर. शिरितोरीचा मूळ नियमच हा की ‘न्’वर जो संपवेल तो हरला, कारण जपानीत सुट्या ‘न्’नं शब्द सुरू होत नाही. (चाडची राजधानी ‘न्जामेना’ पुढे करून वाद घालणारा एखादा प्रत्येक टोळक्यात असतो. कराओकेत ती राजधानी कामाची नाही.)

हा सापळा एका गाण्यापुरता नाही. ‘र’च्या ओळीतली लोकप्रिय गाणी ओळीनं आठवून पाहा. ‘रा’वर मॉर्निंग मुसुमेचं ‘राबु माशीन’ (१९९९), ‘रे’वर योनेझु केन्शीचं ‘रेमोन’ (२०१८), ‘रो’वर स्पित्झचं ‘रोबिन्सोन’ (१९९५). सगळी ‘न्’वर संपतात! कारण वर सांगितलं तेच. ‘र’नं सुरू होणारी नावं बहुधा परभाषेतून आलेली आणि इंग्रजीतून घेतलेल्या कितीतरी शब्दांचा शेवट जपानीत ‘न्’ होतो. ‘हे’सारख्या अवघड अक्षरालाही हेच लागू आहे. पटकन आठवतं ते एकेबी फोर्टीएटचं ‘हेबी रोतेशोन’ (२०१०), म्हणजे पुन्हा ‘न्’. परकीय शब्दाचं नाव असेल तर आधी शेवट तपासा, मग बटण दाबा.

मग ‘र’च्या ओळीत बिनधोक काय? ‘रा’साठी ओदा काझुमासाचं ‘राबु सुतोरी वा तोत्सुझेन नि’ (१९९१). तोक्योतल्या प्रेमकथेच्या एका गाजलेल्या टीव्ही मालिकेचं हे गाणं आहे. संपतं ‘नि’वर, वरच्या सुरांत थोडी दमछाक होते. ‘रि’साठी दोन टोकांची दोन गाणी ठेवा. एक ‘रिंगो नो उता’, युद्ध संपल्या संपल्या नामिकी मिचिकोनं गायलेलं सफरचंदाचं गाणं. पडक्या शहरांतल्या लोकांना त्यानं धीर दिला आणि आजही वृद्ध माणसं ते ऐकताना सावरून बसतात. दुसरं ब्लू हार्ट्सचं ‘रिंदा रिंदा’ (१९८७), ज्यात सुरापेक्षा छाती लागते. रात्री अकरानंतर हेच बरं. ‘रे’साठी तोकुनागा हिदेआकीचं ‘रेइनी बुरू’ (१९८६), आणि हे फार उपयोगी, कारण संपतं पुन्हा ‘रू’वर. तुमच्यावर आलेला हल्ला तुम्ही पुढे ढकलता! ‘रो’साठी कोमे कोमे क्लबचं ‘रोमान हिको’. १९९०मध्ये एकल रेकॉर्ड म्हणून निघालेलं, अगदी हलकंफुलकं, उडत्या चालीचं गाणं.

ही पाच-सहा गाणी आली की अर्धी भीती गेली. ‘र’ची ओळ संपल्यावर मगच गर्दीच्या अक्षरांकडे वळा.

त्याआधी ओळखायचं अक्षर कोणतं, ते सांगायला हवं, कारण आपली मराठी माणसं इथे दोन चुका करतात. पहिली म्हणजे भेंड्यांच्या सवयीनं गाण्याचे पहिले शब्द धरतात. आपल्याकडे मुखड्यापासून सुरुवात आणि ज्या अक्षरावर थांबलो ते पुढच्याला. तिथे बहुतेक ठिकाणी गाण्याचं नाव धरतात. माझ्या मते हे यंत्रामुळे आलं. पूर्वी कराओकेच्या खोलीत टेलिफोन डिरेक्टरीएवढी जाड ‘उता-होन’ असायची, गाण्यांच्या नावांची सूची. आता टॅब्लेटसारखा रिमोट असतो, त्यातल्या एका कंपनीच्या रिमोटचं नाव ‘देनमोकु’. त्यात नावाची पहिली अक्षरं टाकली की त्यांनी सुरू होणारी सगळी गाणी समोर येतात. तरीही बसल्या बसल्या विचारून घ्या: नाव धरायचं की शब्द?

दुसरी चूक चित्रलिपीची. पहिलं कांजी अक्षर सारखं म्हणजे पहिला उच्चार सारखा, असं नसतं. एक्स या रॉक बँडचं १९८९चं ‘कुरेनाइ’ आणि लिसाचं २०१९चं ‘गुरेन्गे’ ही दोन्ही नावं लाल रंगाच्या एकाच कांजीनं सुरू होतात. उच्चार मात्र एकाचा ‘कु’, दुसऱ्याचा ‘गु’. शोधताना आणि खेळताना चालतो तो काना लिपीतला, म्हणजे जपानीच्या उच्चारानुसार लिहायच्या लिपीतला उच्चार. यंत्राच्या पडद्यावर कांजीच्या डोक्यावर बारीक काना अक्षरंही छापून येतात, त्यामुळे गाताना फारसं अडत नाही. नाव आठवताना मात्र उच्चारच पाठ हवा.

म्हणून वही करा आणि ती देवनागरीत करा. रोमन अक्षरांत लिहिलंत तर ‘एल’ आणि ‘आर’ वेगळे दिसतात, जपानीत ते एकच आहेत. ‘त्सु’ आणि ‘ता’ एकाच ओळीतले, तेही रोमनमध्ये कळत नाही. देवनागरी इथे सोयीची आहे आणि त्याला इतिहास आहे. जपानी वर्णमालेचा क्रम असा: अ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचा वाटतो ना? हा आपल्याच वर्णमालेचा क्रम आहे. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतून संस्कृतचा अभ्यास केला, त्यातून तो जपानात रुजला. अकराव्या शतकाच्या सुरुवातीच्या हस्तलिखितात वर्णांची ही मांडणी सापडते, क्रम आजच्यासारखा पक्का व्हायला आणखी काळ गेला. क-वर्गाच्या जागी ‘का’, च-वर्गाच्या जागी ‘सा’, त-वर्गाच्या जागी ‘ता’ आणि ‘ना’, प-वर्गाच्या जागी ‘हा’ आणि ‘मा’, मग य, र, व. ‘च’ आणि ‘प’च्या जागी ‘सा’ आणि ‘हा’ का, तर त्या काळचे उच्चार वेगळे होते. ‘हा’ पूर्वी ‘पा’ होता. पहिलीत बाराखडी घोकलेल्या माणसाला जपानी सूचीत गाणं शोधायला वेगळं काही शिकावं लागत नाही, हे मी दर वर्षी वर्गात सांगते आणि दर वर्षी मुलांचे चेहरे उजळतात.

वहीत गाण्याच्या नावापुढे त्याचं शेवटचं अक्षरही लिहा. खेळ पहिल्या अक्षराचा वाटतो, पण तुमच्या हातात असतं ते शेवटचं.

आता गर्दीची अक्षरं. ‘सा’वर सगळ्यात मोठी झुंबड आहे ती चेरीच्या फुलांची. शाळा-कॉलेजांचा निरोप मार्चमध्ये, नवं वर्ष आणि नवी नोकरी एप्रिलमध्ये, आणि त्याच पंधरवड्यात साकुरा फुलतो. त्यामुळे ताटातुटीचं दर दुसरं गाणं साकुराचं. नुसतं ‘साकुरा’ एवढंच नाव असलेली गाणी बघा: मोरियामा नाओतारोचं २००३चं, केत्सुमेइशीचं आणि कोबुकुरोचं २००५चं, इकिमोनो-गाकारीचं २००६चं. कुणी काना लिपीत लिहिलं, कुणी कांजीत, कुणी रोमनमध्ये, एवढाच फरक. यांतलं मला मोरियामाचं सर्वांत प्रिय आहे. मित्राला निरोप देताना गावं असं, फार साधं. पण खेळात लक्षात ठेवा, ‘साकुरा’ संपतं ‘रा’वर. तुमच्या डावीकडे नवखा सहकारी बसला असेल तर त्याला ‘रा’ देऊ नका. फुकुयामा मासाहारुचं ‘साकुराझाका’ (२०००) गा. ते ‘का’वर संपतं आणि ‘का’वर मिसोरा हिबारीचं ‘कावा नो नागारे नो यो नि’ आहेच. ते ज्याला येत नाही असा जपानी माणूस मला अजून भेटायचा आहे.

‘कि’वर उत्तरेचं राज्य. ‘किता’ म्हणजे उत्तर दिशा. बर्फ, ओसाड बंदर, सोडून गेलेलं माणूस, एकटीची खोली हे सगळं एन्का प्रकारच्या गाण्यांत उत्तरेलाच घडतं. मियाको हारुमीचं ‘किता नो यादो कारा’ (१९७५), होसोकावा ताकाशीचं ‘किता साकाबा’ (१९८२), आणि वर आलेलं ‘कितागुनि नो हारु’. शेवट अनुक्रमे रा, बा, रु. तिघांत ‘बा’ सोपं, आणि ‘किता साकाबा’ चालीलाही उत्साही आहे.

‘अ’ची फारशी काळजी नको, तिथे गाणी पैशाला पासरी. मात्सुदा सेइकोची दोन (‘आओइ सान्गोशो’ १९८० आणि ‘आकाइ सुइतोपी’ १९८२), इशिकावा सायुरीचं ‘आमागि-गोए’ आणि बालगीतांतलं ‘आकातोन्बो’ एवढी पुरेत. ‘आमागि-गोए’ मात्र पहिल्या वर्षी गाऊ नका, त्याचे हेलकावे सोपे नाहीत. ‘ओ’वर ‘ओयोगे! ताइयाकी-कुन’ हे मुलांचं गाणं सुचेल. जपानमधली सर्वांत जास्त, ४५ लाखांहून अधिक खपलेली एकल रेकॉर्ड ती. पण ‘कुन’ म्हटलं की ‘न्’ आला. त्याऐवजी ‘ओकुरु कोतोबा’ घ्या.

वाद टाळण्यासाठी तीन गोष्टी आधी ठरवून घ्या. लांबवलेला स्वर आडव्या रेघेनं लिहिला असेल, जसं ‘बुरू’, तर ‘रु’ धरायचा की ‘उ’? बहुतेक ‘रु’ धरतात. पण ‘हिको’, ‘आरुको’ अशा शब्दांत काना लिपीत शेवटी सरळ ‘उ’ लिहिलेला असतो, तिथे ‘उ’च येतो. जोडाक्षराचं काय? स्पित्झचं ‘चेरी’ लिहिताना मोठा ‘चि’ आणि बारीक ‘ए’ असतो, म्हणून ते ‘चि’वर चालवतात, पण काही जण हरकत घेतात. आणि घोष-अघोष: ‘गा’ आला तर ‘का’ चालेल का, ‘झा’ला ‘सा’? ऑफिसात सहसा चालतं. तुम्ही नवखे असाल तर तुम्हीच नम्रपणे विचारा, आनंदानं सूट देतात. ‘न्’वर संपणारं गाणं कुणाचं फारच लाडकं असेल तर त्याच्या आधीचं अक्षर घ्यायचं, अशीही तडजोड असते. मला ती पटते, कारण ‘रोबिन्सोन’ वर्ज्य करायचं म्हणजे फारच झालं.

आणखी एक. एखाद्याचं ठरलेलं गाणं असतं, त्याला ‘ओहाको’ म्हणतात. हातखंडा गाणं म्हणा. साहेबांचं ‘सुबारु’ असेल आणि तुमच्यावर ‘सु’ आला, तरी तुम्ही ते उचलू नका, दुसरं शोधा. तसंच ‘उ’ आला की आडोचं ‘उस्सेए वा’ जिभेवर येईल. नावाचा अर्थ आहे ‘गप बसा’, आणि तेही उद्धट भाषेत. मित्रांत गा, खात्याच्या प्रमुखासमोर नको.

तुम्ही ओसाकात आहात म्हणून सांगते. शेजारच्या कोबेमध्ये इनोउए दाइसुके या वादकानं १९७१मध्ये भाड्यानं द्यायचं यंत्र बनवलं आणि कराओके पसरलं. त्याआधी १९६७मध्ये तोक्योत नेगिशी शिगेइचीनंही असं यंत्र केलं होतं. तुम्ही ज्या छोट्या खोल्यांत गाता, त्यांची सुरुवात १९८५ साली ओकायामात मालवाहू डब्यातल्या खोलीपासून झाली. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात फिरला असाल, तर ती बाग त्याच ओकायामाच्या मैत्रीची.

येत्या महिन्यासाठी एक साखळी देते, एकेक गाणं ऐकून वहीत उतरवा आणि या क्रमानं घरी म्हणा. ‘कितागुनि नो हारु’, मग ‘रुबी नो युबिवा’, ‘वा’वर आंझेन चिताइचं ‘वाइन रेद्दो नो कोकोरो’ (१९८३), ‘रो’वर ‘रोमान हिको’, आणि शेवटच्या ‘उ’वर साकामोतो क्यूचं ‘उए ओ मुइते आरुको’. हे १९६१चं, दोन वर्षांनी ‘सुकियाकी’ या नावानं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं गाणं. याचं कडवं तुम्ही सुरू केलंत की खोलीतले सगळे आपापला ग्लास खाली ठेवून तुमच्यात सूर मिसळतील, आणि पुढचं अक्षर कोणतं ते काही वेळ कुणी विचारणार नाही.